डॉक्टरचा उपास

महाड, श्रावण

प्रिय अण्णा,

काल संध्याकाळी दादा जिलब्या घेऊन आला. म्हणून हे पत्र.

मुलगा श्रावणात आईकडे गोड घेऊन येतो, त्यात पत्र लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. दारात त्याला पाहिलं तेव्हा मलाही काही वाटलं नव्हतं. पुडा त्याने टेबलावर ठेवला. कागदातून तूप वर आलं होतं. तो खुर्चीत बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "पास!"

तुमच्याच आवाजात, अण्णा.

"कसली परीक्षा होती?" मी विचारलं.

"कंपनीची तपासणी गो. वर्षातून एकदा असते ती. रक्त, डोळे, कान, सगळं. साखर एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वडिलांना होती ना? मग तुम्ही नशीबवान."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "देव पावला," आणि ताटल्या काढू लागली.

मी पुडा उघडला नाही. पुड्याकडे पाहत राहिले. आमच्या घरात जिलबी दिवाळीला येत नसे, वाढदिवसाला येत नसे. ती कधी यायची, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

तुम्ही शाळेत परीक्षेच्या वेळी कुणाचे खिसे तपासत नसत. वर्गात फिरतही नसत. जो मुलगा सगळ्यांत निर्धास्त दिसेल, त्याच्या मागे जाऊन उभे राहायचात. काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. थोड्या वेळाने त्या मुलाच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि बाकाखालून चिठ्ठी पडायची. मी तुमच्याच वर्गात होते, म्हणून मला माहीत आहे. काल खुर्चीत बसलेला दादा फार निर्धास्त दिसत होता.

वहिनीचा फोन त्याआधीच्या आठवड्यात आला होता. ती बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत दिवसभर एकटी असते. फोन केला की घरातलं सगळं सांगते.

"वन्सं, तुमचे दादा देवाला लागलेत हो. शनिवार धरला, रविवार धरला, सोमवार तर हायच. भात नको म्हणतात. नाचणीची भाकरी थाप म्हणतात."

"रविवारी कसला उपास, वहिनी?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, सूर्याचा."

आम्ही दोघी हसलो. श्रावणातले आदित्यवार बायका धरतात. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाने ते कधीपासून धरले? पण हसण्याच्या पुढे मी विचार केला नाही. फोन ठेवताना ती म्हणाली, "आणि हो, मोरीत मुंग्या फार होतायत. पावडर कुठली आणू?" मी सांगितली. तुम्ही आणायचात तीच.

काल तो पुडा टेबलावर आला आणि उपास, नाचणी, मुंग्या या तिन्ही गोष्टी एका ओळीत येऊन बसल्या.

अण्णा, तुम्ही उपास करणारे नव्हता. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आई तुमच्याकडे बघूनच म्हणायची. तिच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी चाखून तुम्ही वर भात-आमटी जेवायचात. असा माणूस अचानक तीन-तीन दिवस उपास करायला लागला, तेव्हा आमच्यापैकी एकालाही संशय कसा आला नाही?

नावसुद्धा आईनेच दिलं होतं. डॉक्टरचा उपास. घरात संकष्टी, एकादशी आणि डॉक्टरचा उपास. शेजारची बाई जेवायला बोलवायला आली की आई सांगायची, "यांचा आज डॉक्टरचा उपास हाय. परवा सुटेल."

तुम्ही पोलादपूरच्या वरच्या वाडीत होता, आंबेनळीच्या अंगाला, तेव्हा तुम्हाला कसला आजार माहीत नव्हता. सोमवारी पहाटे डोंगर चढायचात, शनिवारी उतरायचात. वाडीतल्या घरांतून तुमचं जेवण यायचं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पावसात रानातली भाजी, वाटीभर ताक. चहा मिळाला तर गुळाचा, तोही म्हैस दूध देत असली तर. शनिवारी तुम्ही घरात आलात की आधी तुमच्या घामाचा आणि धुराचा वास यायचा, मग तुम्ही.

मग महाडला बदली झाली. आईने पहिल्याच महिन्यात नाचणीचा डबा माळ्यावर टाकला. मागे एकदा तिला विचारलं तर म्हणाली, "लोक काय बोलले असते? शेरात येऊन मास्तर नाचणी खातो? वाडीवरचं वाडीवर." दोन्ही वेळेला पांढरा भात आला. सकाळी चहाबरोबर खारी आली, टोस्ट आले. गल्लीत केबल आली त्याच वर्षी स्कूटर आली. शाळा चालण्याच्या अंतरावर होती, तरी तुम्ही स्कूटरने जायचात. रस्त्यावर जुने विद्यार्थी 'गुरुजी' म्हणून हात करायचे, ते तुम्हाला आवडायचं. डोंगरावरून तुम्ही खाली आलात आणि साखर वर गेली. इतकं सरळ होतं ते. आम्हाला मात्र ते दिसायला तुमचा पाय जावा लागला.

डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तो दिवस मला आठवतो. तुम्ही घाबरला नाहीत. फळ्यावर गणित दिल्यासारखं तुम्ही ते घेतलंत. गोळ्या, पथ्य, चालणं आणि दर काही महिन्यांनी उपाशी पोटी रक्त. घरी येऊन म्हणालात, "म्हणजे चाचणी परीक्षा. अभ्यास केला की पास."

आणि तुम्ही अभ्यास केलात! तपासणीची तारीख ठरली की तीन दिवस आधी माळ्यावरचा डबा खाली यायचा. नाचणीची भाकरी, कारल्याचा रस, बिनसाखरेचा चहा. एरवी कपाटात पडलेल्या गोळ्या त्या तीन दिवसांत वेळेवर. सकाळ-संध्याकाळ सावित्रीच्या पुलापर्यंत चालणं. वाडीवर जे रोजचं जेवण होतं, ते खाली आल्यावर उपासाचं झालं.

चौथ्या दिवशी रक्त द्यायचं, बाजारात फिरत रिपोर्टची वाट पाहायची आणि दुपारी दारात उभं राहून म्हणायचं, "पास!" हातात जिलबीचा पुडा. उपास सोडायला गोड लागतं, हे तुम्हीच सांगायचात. आम्ही दोघं त्या पुड्यावर तुटून पडायचो. मोठ्या जिलबीसाठी दादा नेहमी माझा हात ढकलायचा. तुम्ही बघून हसायचात आणि तिसरी उचलायचात.

पुढच्या तारखेपर्यंत डबा पुन्हा माळ्यावर.

तुम्ही कॉपी करत होता, अण्णा. ज्याने शाळेत कुणाला कधी करू दिली नाही, तो माणूस स्वतःच्या रक्ताच्या परीक्षेत कॉपी करत होता. परीक्षा कोण घेतंय आणि नापास झाल्यावर काय होतं, हे तुम्हाला कळत नव्हतं, असं मी बरीच वर्षं मानत आले. अज्ञान म्हटलं की माफ करणं सोपं जातं.

आता मला ते अज्ञान वाटत नाही.

मुंग्यांचं सांगते. आपल्या मागच्या मोरीत मुंग्या व्हायला लागल्या होत्या. तुम्ही कधी मुंगी मारणारे नव्हता. पिठाच्या डब्यात निघाल्या तरी म्हणायचात, उन्हात ठेवा, जातील. मग मोरीत मात्र पावडर का आणलीत? तीही स्वतः जाऊन, आईला न सांगता? मोरी रोज सकाळी तुम्हीच का धुवायला लागलात? वाडीवर म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत लोक काय म्हणायचे ते तुम्हीच आम्हाला हसत सांगितलं होतंत: 'मुतावर मुंग्या धावल्या की समजावं, अंगात गोड झालं.' तुम्हाला ते आठवलं नव्हतं?

तुम्हाला माहीत होतं. रिपोर्टमध्ये नव्हतं ते मोरीत होतं, आणि तुम्ही त्यावर पावडर टाकलीत.

तुम्ही गेल्यावर मी सगळ्यांवर संशय घेतला. रक्त तपासणाऱ्यावर घेतला, की आकडे चुकीचे लिहीत असेल. गोळ्यांवर घेतला, की बनावट असतील. कंपन्या नदीत सोडतात त्या पाण्यावर घेतला, कारण आपल्याकडे कुणी गेलं की आधी पाण्याचंच नाव निघतं. मग एस.टी. स्टँडसमोरच्या बाळूच्या हॉटेलात जाऊन त्याला धरलं. तुमचा विद्यार्थी तो. तुम्ही रोज संध्याकाळी 'चालून येतो' म्हणून निघायचात, आणि तुमच्या सदऱ्याला चहाचा वास यायचा.

"नाय ताई, देवाशप्पथ," बाळू म्हणाला. "गुरुजींच्या चहात मी साखरेचा दाणा टाकला नाय. त्यांची सक्त ताकीद होती. बाळ्या, चहात साखर दिसली तर कान पिळीन."

"चहाबरोबर काय घ्यायचे?"

"बरोबर व्हय? बरोबर बालुशाही." मग भाबडेपणाने म्हणाला, "पण ती काय चहात येते?"

मला तिथे हसू आलं. तुमचाच विद्यार्थी! तुम्ही आईला सांगायचात, "मी चहात साखर घेत नाही." वाक्य शंभर टक्के खरं. तुम्ही आम्हाला व्याकरण शिकवलंत, त्याचा असा उपयोग घरात होईल असं वाटलं नव्हतं. तुम्ही खोटं कधीच बोलला नाहीत. वाक्यं तेवढी निवडून बोललात. मी आता साहित्य शिकवते, वाक्यं उलटीपालटी करून बघणं हे माझं रोजचं काम आहे. आणि तुमचं हे वाक्य माझ्या नाकाखालून रोज गेलं.

आईलाही विचारलं. "तुला माहीत होतं?"

"मला काय म्हाईत? ते म्हणाले उपास, मी भाकऱ्या थापल्या. नवऱ्याच्या उपासाला का म्हणून विचारतात?" मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "नि डॉक्टर म्हणायचे ना, गुरुजींसारखा पेशंट नाय. मग मी कोण बोलणारी?"

हे वाक्य तुम्ही घरी येऊन किती वेळा सांगितलंत, अण्णा! 'गुरुजी, तुमच्यासारखा पेशंट नाही.' जेवताना, पाहुण्यांसमोर, फोनवर काकांना. तेव्हा मला वाटायचं तुम्ही आनंदात आहात. आता वाटतं, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देत आलात, तुम्हाला गुण देणारा तो एकच माणूस उरला होता. निवृत्त झाल्यावर तर दुसरं कुणीच नव्हतं. त्या एका शाबासकीसाठी तुम्ही तीन दिवस कारलं प्यायलात. रोज का नाही प्यायलात? रोजच्याला शाबासकी नसते, म्हणून?

तुमच्या डाव्या चपलेतून खिळा वर आला होता. सकाळी तुम्ही ती घालून बाजारात गेलात, बाळूकडे गेलात, संध्याकाळी परत आलात. दारासमोरच्या ओट्यावर रक्त आईला दिसलं. तुम्ही म्हणालात, "कुणाचं?"

कुणाचं! आंबेनळीच्या वाटेवरचा दगड न दगड ज्या पायाला अंधारात ओळखू यायचा, तो साखरेने इतका बधिर झाला होता की त्याला स्वतःत घुसलेला खिळा कळला नाही. तुम्ही हळद लावलीत. मग मलम. पाय काळा पडायला लागला तेव्हा मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, साखर किती वर्षं आहे? तुम्ही खाटेवर पडून, ताप चढलेला असताना, स्पष्ट आवाजात म्हणालात, "होती. आता नॉर्मल असते." त्या डॉक्टरांनी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते पायाकडे बघत होते. आधी पाय गेला, मग आठवड्याच्या आत तुम्ही.

हे सगळं दादाने पाहिलं आहे. तुमच्या उशाशी तोच होता. म्हणून मला त्याचा जास्त राग येतो, आणि म्हणूनच भीतीही.

काल आई ताटल्या घेऊन आली. मी म्हटलं, "थांब जरा." आणि त्याला सरळ विचारलं, "तीन दिवस ना?"

"काय तीन दिवस?"

"उपास. शनिवार, रविवार, सोमवार. मंगळवारी रक्त."

त्याने आईकडे पाहिलं, मग पुड्याकडे. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चाळिशीचा माणूस, पण पाळ्या तशाच.

"तुला काय माहीत आहे गो?" तो हळूच म्हणाला. "साखर निघाली की बॉयलरवरून काढतात. गेटवर बसवतात, नाहीतर घरी. शेजारच्या खोलीतल्याला काढलं, बघितलंय मी. तुझं काय, कॉलेजात खडू घासायचा."

"आणि पाय काढला तर कुठे बसवतात?"

आईच्या हातातली ताटली टेबलावर जरा जोरात ठेवली गेली. मला वाटलं, ती माझ्यावर रागावेल. ती दादाला म्हणाली, "तू पण?" एवढंच. मग आत गेली.

त्याच्या नोकरीची भीती खरी आहे, अण्णा, ती मी खोटी म्हणत नाही. तुमच्यापेक्षा त्याच्याकडे कारण तरी आहे. पण कारणाने रक्त गोड व्हायचं थांबत नाही.

मग मी एक गोष्ट केली. उठताना मुद्दाम, टाचेवर सगळा भार देऊन, त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पाय दिला.

"आई गं! डोळे फुटले काय गो तुझे?" तो किंचाळला. खुर्चीतून उठून एका पायावर नाचला.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच खाली बसले. त्याला दुखलं, अण्णा! त्याचा पाय अजून त्याचा आहे. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. मी का हसते आहे, ते त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो बसला आणि त्याने स्वतःचा अंगठा दोन्ही हातांत धरून ठेवला. बराच वेळ.

जाताना पुडा मी त्याच्याबरोबर परत दिला नाही. वहिनी फेकणार नाही, मला माहीत आहे. इथेही फेकलेला नाही. टेबलावरच आहे, आणि पुड्याकडे मुंग्यांची रांग लागली आहे. मी पावडर टाकणार नाही. येऊ देत.

आज सकाळी मी रक्त तपासतात तिथे जाऊन आले. आपल्याकडे आता एक नवी तपासणी निघाली आहे. मागच्या तीन महिन्यांत रक्तात साखर कशी राहिली, ते एकदम सांगते. रक्त इथे घेतात, मुंबईला पाठवतात. मी विचारलं, उपाशी यायचं का? तिथली मुलगी म्हणाली, "जेवून या, नाहीतर न जेवता या. त्या तपासणीला काही फरक पडत नाही."

तुमच्या वेळेला ही असती तर? तुम्ही तीन महिने उपास केला असतात का? की तीन महिने म्हणजे जवळजवळ रोजच, हे लक्षात येऊन सरळ रोजचं जेवणच बदललं असतंत? मला उत्तर माहीत नाही. तुमच्याबद्दल आता कुठलंच उत्तर मी पैजेवर सांगणार नाही.

माळ्यावरचा डबा मी आज खाली काढला. नाचणी जुनी, जाळी धरलेली, टाकून दिली. नवी आणली. आई म्हणाली, "कुणाचा उपास?" मी म्हटलं, कुणाचाच नाही. ती भाकरी थापायला बसली. तिचे हात विसरलेले नाहीत. माझी भाकरी मात्र तव्यावर जाताना फाटली. घशाखाली उतरायला ताक लागलं. आवडली असं लिहिणार नाही. पण उद्याही तीच आहे.

तर अण्णा, वचन एवढंच. दादाला मी तारीख सांगणार नाही. चाचणीची तारीख सांगायची नसते, हे तुमचंच. वहिनीला फोनवर हळूच सांगून ठेवलं आहे. एखाद्या सकाळी, तो गुळाचे घावन खाऊन हात पुसत असेल तेव्हा मी बिरवाडीला त्याच्या दारात उभी असेन. कंपनीला काय सांगायचं, ते मग तो आणि मी बसून ठरवू. त्याच्या आधी माझं रक्त देईन, कारण मीही तुमचीच मुलगी आहे आणि माझ्याही निर्धास्तपणावर माझा विश्वास उरलेला नाही.

आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी मी त्याच्या मागे जाऊन उभी राहीन. काही बोलणार नाही. नुसती उभी राहीन.

तुमच्या मागे कुणी उभं राहिलं नाही.

तुमची,
शैला